मुलांना घरीच कुळधर्म आणि नात्यांविषयीच्या श्रद्धा कशा शिकवाव्यात: टप्प्याटप्प्याने मार्गदर्शन

बहुतेक घरांत हे शिक्षण सणाच्या दिवशी सकाळी सुरू होतं आणि तिथेच बिघडतं. पुरणाचा घाट चाललेला, पाहुणे दारात, आणि त्यातच मुलाला हाक: ‘इकडे ये, नमस्कार कर. असा नाही, नीट कर.’ मूल वाकतं. कोणाला आणि कशासाठी, हे त्याला कळलेलं नसतं. विचारलं तर ‘करायचा असतो’ एवढंच उत्तर मिळतं. बारा-तेरा वर्षांचं झालं की तेच मूल देवघराकडे फिरकेनासं होतं आणि घरातले म्हणतात, हल्लीच्या मुलांना श्रद्धाच नाही.

अशा घरांत चूक बहुधा क्रमात असते. आधी हाताला काम हवं, मग त्या कामातलं नातं, मग गोष्ट आणि सगळ्यांत शेवटी अर्थ. आपण एक तर थेट अर्थापासून सुरुवात करतो, नाहीतर कामावरच थांबतो.

खालचा क्रम सोलापूर आणि आसपासच्या तालुक्यांतली हिंदू घरं डोळ्यांसमोर ठेवून दिला आहे. इथे एकाच वाड्यात माळकरी, लिंगायत, पद्मशाली (तेलुगू विणकर समाज) आणि तुळजाभवानी-खंडोबाचे कुळाचार पाळणारी घरं शेजारी शेजारी राहतात. तपशील घराघराप्रमाणे बदलतील, क्रम मात्र तोच ठेवा. पूर्ण फेरीला एक वर्ष लागतं. सुरुवात आषाढात करावी, कारण श्रावणापासून नात्यांचे सण एकामागोमाग येतात आणि त्याआधी तयारीला महिनाभर मिळतो.

## टप्पा 1: मुलांना बसवण्याआधी मोठ्यांनी बसावं

एका संध्याकाळी मुलं झोपल्यावर आई, वडील आणि घरात असतील तर आजी-आजोबा यांनी तासभर बसावं. टीव्ही बंद, फोन बाजूला. तीन गोष्टी ठरवायच्या.

पहिली, आपण खरोखर काय मानतो. वडील मनापासून मानत नसतील आणि आजी कडक पाळत असतील, तर ते मुलाला आठवड्याभरात कळतं. दोघांनी एकसारखं मानायला हवं असं नाही, पण मुलापुढे एकमेकांना खोडायचं नाही, एवढं ठरायला हवं. न मानणाऱ्याने ‘मी हे करत नाही, पण आजी करते आणि तिचा मान ठेवून मी शेजारी बसतो’ असं सरळ सांगावं. मुलांना हे सहज पटतं. तोंडावर हो आणि पाठीमागे हसणं मात्र पटत नाही.

दुसरी, आईकडच्या आणि वडिलांकडच्या चालीरीतींना किती जागा द्यायची. सोलापुरात आईचं माहेर कन्नड बोलणारं आणि सासर मराठी, किंवा आजोळ तेलुगू, अशी घरं हजारोंनी आहेत. सासरचा कुळाचार तेवढा ‘आपला’ आणि माहेरचा ‘मामाकडचा’ असं झालं की मुलाच्या मनात आईचं घर दुय्यम ठरतं. कुटुंबाविषयीची श्रद्धा शिकवायला निघून पहिलाच धडा उलटा दिला जातो.

तिसरी गोष्ट मुलीची. नऊ-दहा वर्षांपर्यंत देवघरातलं सगळं काम करणारी मुलगी पाळी सुरू झाली की एकदम बाजूला बसवली जाते. तिला तो अपमान वाटतो आणि तिथेच तिची नाळ तुटते. आमचं मत स्पष्ट आहे: मुलीला कोणत्याही दिवशी दिव्यापासून दूर करू नये. तुमच्या घरात याबद्दल मतभेद असतील तर ते आज, या बैठकीत मिटवा. मुलगी दहाची व्हायची वाट पाहू नका.

तपासणी: बैठकीच्या शेवटी प्रत्येकाने एक वाक्य म्हणून पाहावं: ‘आपल्या घरी असं मानतात की…’ हे वाक्य सगळ्यांना अवघडल्याशिवाय पुरं करता आलं, तरच पुढे जा.

## टप्पा 2: कुळाची वही

यासाठी शंभर पानी साधी वही पुरे. आधी पेन्सिलीने लिहा, कारण पहिल्या खेपेला मिळालेल्या माहितीत हमखास दुरुस्त्या होतात. डाव्या पानावर आईकडचं, उजव्या पानावर वडिलांकडचं. समोरासमोरची पानं असली की एक बाजू रिकामी राहिलेली लगेच दिसते.

वहीत लिहायचं ते असं:

1. मूळ गाव आणि तिथून कोण, का निघालं. गिरणीच्या कामासाठी, यंत्रमागावर, दुष्काळामुळे, जे असेल ते.
2. कुळस्वामी, कुळस्वामिनी आणि त्यांचं ठाणं: तुळजापूर, बाळ्याचा खंडोबा, पाली, जेजुरी, आणखी कुठलं.
3. गोत्र, आणि लग्नात पुजलं जाणारं देवक. घरात पाळत नसतील तर ‘पाळत नाही’ असंच लिहा.
4. देवघरातल्या प्रत्येक टाकाचं (देवाची आकृती उठवलेला धातूचा छोटा पत्रा), मूर्तीचं, तसबिरीचं नाव, आणि ती वस्तू घरात कोणी आणली.
5. तीन पिढ्यांची नावं, दोन्ही बाजूंची, बायकांच्या नावांसकट.
6. गेलेल्या माणसांच्या तिथी.
7. सणांच्या दिवशी आपल्याच घरी होणारी खास गोष्ट. अमुक नैवेद्य, अमुक भाकरी, अमुक गाणं.

पाचव्या मुद्द्यावर जरा थांबू या, कारण तिथेच सगळ्यांची वही अडते. श्राद्धात वडील, आजोबा, पणजोबा अशा तीन पिढ्यांचा नावाने उच्चार होतो. आई, आजी, पणजीचाही होतो आणि आईच्या वडिलांकडच्यांचाही. म्हणजे परंपरेनेच दोन्ही घरांच्या तीन पिढ्या लक्षात ठेवायला सांगितल्या आहेत. तरी पणजीचं नाव विचारलं की घरात शांतता पसरते, कारण लग्नात तिचं नाव बदललेलं असतं आणि माहेरचं नाव कोणाला आठवत नाही. दोन्ही नावं लिहा. आत्याला फोन करा, भावकीतल्या सर्वांत वयस्कर बाईला विचारा. हे फोन मुलाला शेजारी बसवून, स्पीकरवर ठेवून करायचे. ‘तुमच्या आईचं माहेरचं नाव काय हो?’ हा प्रश्न मुलाने स्वतः विचारला, तर त्याला त्या नावाचा विसर पडत नाही.

वहीत नातं लिहिताना घरात वापरतात तोच शब्द लिहा. अव्वा असेल तर अव्वा, अम्मम्मा असेल तर अम्मम्मा. त्याचं ‘आजी’ करू नका.

सावधान: वहीत ‘आपलं कूळ अमक्यापेक्षा वरचं’ अशा अर्थाचं एकही वाक्य येऊ देऊ नका. वयस्कर नातेवाईक बोलण्याच्या ओघात असं काही सांगतील. ऐकून घ्या, पण लिहू नका आणि नंतर मुलाला एकट्याला सांगा की हे आपण मानत नाही. कुळाची ओळख द्यायला निघालेली घरं नकळत जातीचा ताठा देऊन मोकळी होतात. या साऱ्या कामातला सर्वांत मोठा धोका हाच आहे.

## टप्पा 3: दिवेलागणीची दहा मिनिटं

रोजचा पाया इथे पडतो. सकाळ शाळेच्या घाईत जाते, म्हणून संध्याकाळच धरावी. दोघंही कामावर असतील, आई विड्या वळत असेल, वडिलांची यंत्रमागावर पाळी असेल, तरी दहा मिनिटं निघतात. वीस धरली तर मात्र आठवड्यात मोडतात.

क्रम असा ठेवा:

1. हातपाय धुणं. (1 मिनिट)
2. दिवा लावणं. (1 मिनिट)
3. शुभंकरोति किंवा घरची प्रार्थना. (2 मिनिटं)
4. देवाला, मग घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला नमस्कार. (1 मिनिट)
5. एका माणसाची आठवण: वहीतलं एक नाव घ्यायचं आणि त्याच्याबद्दल दोन वाक्यं सांगायची. (3 मिनिटं)
6. आज घरात कोणी कोणासाठी काय केलं, ते मुलाने सांगायचं. (2 मिनिटं)

पाचवी आणि सहावी पायरी गाळली की उरते ती फक्त पाठांतराची शिकवणी. एवढा दिवा रोज लावून मुलांना काहीच कसं लागत नाही, असं विचारणाऱ्या घरांत या दोन पायऱ्या नसतात.

सहाव्या पायरीत मूल पहिले काही दिवस ‘आईने स्वयंपाक केला’ एवढंच म्हणेल. चालेल. पंधरवड्यात ते बारकाईने बघायला लागतं: बाबांनी आजीच्या पायाला तेल लावलं, दादाने त्याच्या वाटणीची चिक्की दिली. चुकलेल्या कामांची यादी मात्र या वेळात काढायची नाही. दिव्यासमोर कोणालाही रागवायचं नाही.

पाठांतर कानाने करून घ्या. इंग्रजी माध्यमातल्या मुलांना रोमन लिपीत लिहून देऊ नका. त्यातून उच्चार बिघडतात ते कायमचे. एक ओळ चार दिवस, मग पुढची. आजीची प्रार्थना कन्नड किंवा तेलुगूत असेल तर ती त्याच भाषेत म्हणावी, अर्थ मराठीत सांगावा. माळकऱ्याच्या घरी हरिपाठातली दोन-चार कडवी घ्यावीत. लिंगायत घरात इष्टलिंगाच्या पूजेची वेळ हीच या दहा मिनिटांची जागा.

वडील पुण्याला नोकरीला आणि शनिवार-रविवार घरी, अशी कित्येक घरं आहेत. त्यांनी चौथ्या ते सहाव्या पायरीला व्हिडिओ कॉलवर यावं, आधी नको. फोन आधीपासून सुरू असला की मुलाचं लक्ष दिव्याऐवजी पडद्यावर राहतं.

दिव्याची खबरदारी: पाच वर्षांपर्यंत फुलं वाहणं आणि घंटा वाजवणं एवढंच. सहा ते आठला वाती वळणं, तेल घालणं, तेही दिवा विझलेला असताना. नऊनंतर मोठं माणूस शेजारी असतानाच काडी पेटवायला द्यावी. परकर, ओढणी, सैल बाह्या आणि मोकळे केस दिव्यापासून दूर ठेवावेत, कपडा सुती असावा. काडेपेटी वरच्या फळीवर. भाजलंच तर लगेच वाहतं थंड पाणी निदान दहा-वीस मिनिटं. तूप, हळद किंवा टूथपेस्ट लावू नये. फोड मोठे आले किंवा चेहरा, हात, सांधे भाजले तर दवाखान्यात न्यावं.

## टप्पा 4: औक्षण मुलाच्या हातात द्या

नात्याविषयीची श्रद्धा हाताने शिकवायला औक्षणासारखं दुसरं साधन आपल्याकडे नाही. समोर माणूस बसवायचा, त्याच्याकडे बघायचं, त्याला आयुष्य मागायचं. तरीही बहुतेक घरांत मुलं फक्त ओवाळून घेतात, ओवाळत कधीच नाहीत. भाऊबीजेला बहीण ओवाळते आणि भाऊ पाकीट देतो, झालं.

तबकात: निरांजन, हळद-कुंकू, अक्षता, एक सुपारी, सोन्याची अंगठी आणि थोडी साखर किंवा पेढा. अक्षता अखंड तांदळाच्या, चिमूटभर कुंकवात किंचित पाणी टाकून हाताने चोळलेल्या. पाणी जास्त झालं तर तांदूळ कपाळाला न चिकटता डोळ्यात पडतात, म्हणून चार थेंबांच्या वर नको.

1. पाट मांडून भोवती रांगोळीची एक रेघ. बसणाऱ्याचं तोंड पूर्वेला किंवा पश्चिमेला.
2. कपाळाला कुंकू, वर अक्षता. उरलेल्या अक्षता डोक्यावर.
3. अंगठी आणि सुपारी हातात धरून तोंडाभोवती ओवाळणं.
4. मग निरांजनाचं तबक, घड्याळाच्या काट्याच्या दिशेने तीन वेळा, सावकाश.
5. तोंडात गोड घालणं.
6. लहान असेल त्याने मोठ्याला नमस्कार, मोठ्याने डोक्यावर हात.

सरावाला सण लागत नाही. वाढदिवस, परीक्षा, प्रवासाला निघणं, दवाखान्यातून घरी येणं, हे सगळे प्रसंग चालतात. पहिली तीन औक्षणं मुलाकडून कोणाची करून घ्यावीत? आजी किंवा आजोबा, मग आई, मग धाकटं भावंड. मुलांनी, म्हणजे मुलग्यांनीही, ओवाळावं. भावाने बहिणीला ओवाळलं म्हणून काही बिघडत नाही. उलट आयुष्य चिंतणं हे फक्त बाईचं काम, हा समज तिथेच थांबतो.

तपासणी: ओवाळताना मूल तबकाकडे बघतंय की माणसाच्या चेहऱ्याकडे? तबकाकडे बघत असेल तर ते जड आहे. स्टीलची लहान थाळी द्या.

## टप्पा 5: गोष्ट, आणि कोणत्या वयाला कोणती

हात वळले की गोष्ट सांगायची. कथा चुकीच्या वयाला सांगितली तर घाबरवते, आणि भेदरलेलं मूल नातं शिकत नाही.

तीन ते सहा वर्षं: गणपतीने आई-वडिलांना प्रदक्षिणा घातली ती. सांगून झाल्यावर मुलाला खरोखरच आई-बाबांभोवती फेरी मारू द्या. एवढ्यावर थांबा, तात्पर्य जोडू नका.

सहा ते दहा: पुंडलिक. सोलापूर जिल्ह्यातल्या मुलाला ही गोष्ट आपल्या घरची आहे, कारण पंढरपूर इथून सुमारे 75 किलोमीटरवर. सांगण्याचा क्रम महत्त्वाचा आहे. ‘पुंडलिक फार चांगला मुलगा होता’ इथून सुरुवात केली की गोष्ट संपलीच. सुरुवात कामापासून करा: रात्र आहे, पुंडलिक आई-वडिलांचे पाय चेपतोय, दारात कोणी तरी उभं आहे. ‘थांब,’ म्हणून तो मागे वीट सरकवतो. दारात देव आहे आणि हा उठत नाही. इथे थांबून मुलाला विचारा: तू असतास तर उठला असतास का? उत्तर काहीही आलं तरी बरोबरच म्हणा. मग सांगा की देव अजून त्या विटेवर उभा आहे, असं आपण मानतो. नऊच्या पुढच्या मुलाला कथेचा आधीचा भागही सांगा, की हाच पुंडलिक सुरुवातीला आई-वडिलांना वाईट वागवत होता. तो भाग लपवला की गोष्ट गुळगुळीत होते, आणि स्वतः चुकलेल्या मुलाला तिच्यात जागा उरत नाही.

पंढरपूरला न्याल तेव्हाही परंपरेचा क्रम पाळा: आधी चंद्रभागा, मग वाळवंटातलं पुंडलिकाचं मंदिर, मग नामदेव पायरी, मग विठोबा. सेवा करणाऱ्याचं दर्शन देवाआधी घेतात, हे मुलाला पायांनी कळतं. रांगेच्या भीतीने पुंडलिक वगळून थेट मंदिरात नेऊ नका. एकादशीची गर्दी टाळा आणि साध्या वाराला जा.

पद्मशाली घरात याच वयाला मार्कंडेयाची कथा येते: सोळा वर्षांचंच आयुष्य असलेला मुलगा, त्याचे आई-वडील आणि शिवलिंगाला मारलेली मिठी. नारळी पौर्णिमेला मार्कंडेय महामुनींची रथयात्रा शहरातून निघते. त्याआधीच्या आठवड्यात गोष्ट सांगून ठेवा. मृत्यूचा उल्लेख गाळू नका, पण ती रात्री झोपताना सांगू नका.

आठच्या पुढे, भावंडांच्या भांडणावर: ज्ञानदेव रागावून दार लावून बसले आणि धाकट्या मुक्ताने त्यांची समजूत काढली तो प्रसंग. धाकटं भावंड मोठ्याला शहाणं करतं, हे ऐकून घरातल्या धाकट्याची मान ताठ होते.

श्रावणबाळ दहाच्या आधी नको. शेवट बाणाने होतो आणि म्हातारे आई-वडील मुलाच्या शोकात जातात. श्रियाळ-चांगुणा आणि चिलया बाळाची कथा तर बारा-तेराच्या आत मुळीच सांगू नये. अतिथीसाठी आई-वडील पोटच्या पोराला मारतात, हे लहान मुलाला भक्ती म्हणून कळत नाही. आपले आई-वडीलही असं करतील का, एवढंच मनात राहतं.

सोलापूरचं ग्रामदैवत सिद्धरामेश्वर, त्यांचा विवाह हा इथल्या मुलांचा हक्काचा विषय. कुंभाराच्या मुलीने लग्नाची इच्छा धरली, योगी असलेल्या सिद्धरामांनी आपल्या योगदंडाशी विवाहाला संमती दिली, अशी श्रद्धा आहे. त्यांच्या जानेवारीतल्या गड्ड्याच्या यात्रेत सात नंदीध्वजांची, म्हणजे उंच काठ्यांची, मिरवणूक निघते, संक्रांतीच्या आदल्या दिवशी संमती कट्ट्यावर संमती वाचली जाते आणि अक्षता पडतात. काठ्या बघायला नेण्यापूर्वी ही कथा सांगितलीत तर मूल अक्षता कशाला टाकतोय ते जाणून टाकेल. नाहीतर त्याच्या लक्षात पाळणे आणि भेंडबत्तासे राहतील. लहान मुलाच्या खिशात घरचा फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा. गर्दी मोठी असते.

## टप्पा 6: वर्षातले मोजकेच सण धरा

सगळेच सण शिकवायला गेलं की एकही नीट होत नाही. पहिल्या वर्षी पाच निवडा. आमची शिफारस अशी.

पिठोरी अमावस्या (श्रावण). आई नैवेद्याची खीर-पुरी डोक्यावर धरून ‘अतिथ कोण?’ विचारते आणि मूल ‘मी’ म्हणून मागून घेतं. दोन मिनिटांची कृती. मोठी मुलं लाजतात, तरी सोडू नका. आई नसलेल्या घरात आजी, मावशी किंवा वडिलांनी ती जागा घ्यावी; मुलाला त्या दिवशी बाजूला बसवू नये.

महालक्ष्म्या (भाद्रपद). अनुराधा नक्षत्रावर येतात, ज्येष्ठावर जेवतात, मूळावर जातात. तीन दिवसांची माहेरवाशीण. मुलांकडे एकच काम सोपवा: माहेरी आलेल्या आत्याला किंवा मोठ्या बहिणीला पहिलं ताट वाढणं. मुखवट्यांचं कौतुक होतं आणि घरची खरी माहेरवाशीण स्वयंपाकघरात राबते, हे मुलं बघत असतात.

पितृपक्ष. हा पंधरवडा मुलांपासून लपवला जातो आणि म्हणून त्याची भीती बसते. ज्या घरात महाळ (पितृपक्षातलं श्राद्ध) घालतात तिथे मुलाने वहीतली तीन पिढ्यांची नावं मोठ्याने वाचावीत आणि गेलेल्या माणसाच्या आवडीचा एक पदार्थ पानात वाढावा. ज्यांच्याकडे श्राद्ध नाही त्यांनी नावं वाचून फक्त दिवा लावावा.

कोजागरी. घरातल्या थोरल्या अपत्याला ओवाळतात. थोरली मुलगी असेल तर तिलाच. धाकट्या मुलाला पुढे करू नका. सोलापुरातून असंख्य माणसं याच सुमाराला तुळजापूरला चालत जातात, अंतर सुमारे 45 किलोमीटर. घरातलं कोणी चालत जाणार असेल तर औक्षण निघण्याआधीच उरका. दहाच्या आतल्या मुलाला पूर्ण चालवू नये. शेवटचे दोन-तीन किलोमीटर पुरेत.

चंपाषष्ठी किंवा वेळ अमावस्या (मार्गशीर्ष). खंडोबा कुळदैवत असेल तर चंपाषष्ठीला तळी भरताना मुलाला ताम्हनाला हात लावू द्या. ताम्हनात विड्याची पानं, सुपारी, खोबरं, भंडार (हळद). विषम संख्येने, बहुधा पाच जणांनी उचलायची. शेत असेल किंवा शेतकरी नातेवाईक असतील तर वेळ अमावस्या निवडा. सगळी भावकी रानात एका पंगतीला बसते, आंबील आणि भज्जी वाटली जाते, वाटसरूलाही बोलावतात. जमिनीच्या वादामुळे एकमेकांशी न बोलणारे चुलते असतील तर मुलाने दोघांनाही निमंत्रणाचा फोन करावा.

उपवासाबद्दल: लहान मुलांना निर्जळ उपवास कधीही नाही. बारापर्यंत एका वेळेला एक आवडीची वस्तू सोडणं एवढंच, आणि तेही मुलाने स्वतः म्हटलं तर. परीक्षा, ताप आणि सोलापूरचा एप्रिल-मे असताना तेही नको.

## टप्पा 7: प्रश्न आले की

प्रश्न यायला लागले म्हणजे शिकवणं लागू पडतंय. उत्तर तीन भागांत द्या: काय घडलं, आपण काय मानतो, आपण काय करतो.

‘आजोबा कुठे गेले?’ याला ‘झोपले’ म्हणू नका, मूल झोपेला घाबरतं. ‘देवाने नेलं’ म्हणू नका, मूल देवाला घाबरतं. असं सांगा: आजोबा वारले, त्यांचं शरीर थांबलं, ते परत येणार नाहीत. आपल्या घरी असं मानतात की ते पूर्वजांत गेले. आपण त्यांच्या तिथीला त्यांचं नाव घेतो. यापुढे मूल रडलं तर जवळ घ्या, आणखी समजावत बसू नका.

‘देव कोपेल’, ‘पितर शाप देतील’, ‘कुळदैवताचं चुकलं म्हणून ताप आला’ ही तीन वाक्यं घरातून पूर्ण काढून टाका. आजीची सवय असेल तर तिला प्रेमाने, मुलाच्या माघारी सांगा. भीतीने पाळलेलं मूल भीती गेली की सोडतं.

‘शेजारच्या सलमाकडे असं का नाही करत?’ याला: त्यांच्या घरी त्यांची रीत आहे, आई-वडिलांचा मान तिथेही तेवढाच आहे, ईदला आपण जाऊ तेव्हा तिच्या आजीला विचारू. आणि खरंच न्या.

‘आपण मुलीकडचे म्हणून खाली का बसलो?’ असे लग्नाघरातले प्रश्न सर्वांत अवघड. चुकीची रीत असेल तर चुकीची म्हणा. श्रद्धा वेगळी आणि मानपानाचा हट्ट वेगळा, हे मुलापुढे उघड बोलावं. तैत्तिरीय उपनिषदात शिष्याला निरोप देताना आई, वडील, आचार्य आणि अतिथी या चौघांना देव मान असं सांगितलं आहे. त्यात वरपक्ष कुठेच नाही.

सावधान: पाहुण्यांपुढे ‘म्हणून दाखव’ हा प्रकार बंद. आठवड्यातून दोनदा श्लोक म्हणायला उभं केलेलं मूल वर्षभरात तो विसरायचं सोंग घेतं.

## टप्पा 8: तेरानंतर

या वयात मुलगा किंवा मुलगी ‘मी येणार नाही’ म्हणणारच. ओरडू नका, सोडूनही देऊ नका. पूजेला बसायची सक्ती काढा, पण माणसांशी जोडलेली दोन कामं त्यांच्याकडेच ठेवा: वर्षातल्या तिथी आठ दिवस आधी घरात सांगणं, आणि आजी-आजोबांचं बोलणं फोनवर रेकॉर्ड करून ठेवणं. रेकॉर्डिंग अर्ध्या-अर्ध्या तासाचं करावं, पंखा बंद करून, एका वेळी एकच विषय: लग्न, दुष्काळ, पहिली वारी, जात्यावरच्या ओव्या. फाइलला तारीख आणि नाव द्यावं, एक प्रत दुसऱ्या फोनवर ठेवावी.

कुळाची वही याच वर्षी त्यांच्या हवाली करा. पेन्सिलीचं लिखाण तपासून, राहिलेली नावं विचारून, त्यांनी ते पेनाने पक्कं करावं. शेवटची दहा पानं कोरी ठेवायला सांगा.